गरम झाल्यावर बंद पडणारी वेलोसेट व्हेनम : मॅग्नेटोतील दोष कसा ओळखावा आणि कसा दूर करावा

वेलोसेट व्हेनम या जुन्या ब्रिटिश मोटरसायकलच्या मालकांकडून एक तक्रार वारंवार ऐकू येते आणि ती जवळजवळ एकाच शब्दांत ऐकू येते. सकाळी थंड असताना गाडी एक-दोन किकमध्ये सुरू होते, पंधरा-वीस मैल अगदी सुरळीत पळते, आणि मग एखाद्या लांब चढावर किंवा गावातल्या सिग्नलला उभी असताना ठोके चुकवू लागते. पुढच्या मैलभरात मिसिंग वाढत जाते, सायलेन्सरमधून एखादा बार निघतो आणि इंजिन बंद पडते. त्यानंतर कितीही किक मारल्या तरी ते दाद देत नाही. अर्धा-पाऊण तास गाडी उभी राहिली की ती पुन्हा पहिल्या किकला सुरू होते, आणि घरी पोहोचण्याच्या आत पुन्हा तेच घडते.

या दोषाचा शोध लागायला लोकांना महिनोन्महिने का लागतात, याचे कारण त्याच्या स्वरूपातच आहे. तो फक्त गरम असताना अस्तित्वात असतो. गाडी टेम्पोत घालून घरी आणली, दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये प्लग काढून पाहिला, तर ठिणगी उत्तम दिसते. मग संशय कार्बोरेटरवर जातो, जेट बदलले जातात, फ्लोट बदलला जातो, पेट्रोलचा कॉक बदलला जातो, आणि पुढच्या रविवारी गाडी त्याच ठिकाणी थांबते. थंड इंजिनावर केलेली कोणतीही तपासणी या बाबतीत निरुपयोगी आहे. गाडी बंद पडल्यावरची पहिली काही मिनिटे हीच खरी तपासणीची वेळ असते, आणि ती किक मारण्यात वाया घालवू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

व्हेनम बर्मिंगहॅमच्या हॉल ग्रीन भागातील वेलोस कंपनीने १९५५ च्या अखेरीस बाजारात आणली. ४९९ सीसीचे एक सिलिंडर, बोअर आणि स्ट्रोक दोन्ही ८६ मिलिमीटर. मार्च १९६१ मध्ये फ्रान्समधील मोंतलेरीच्या ट्रॅकवर याच जातीच्या गाडीने सलग २४ तास ताशी १०० मैलांहून अधिक सरासरी राखली होती. ज्या रचनेने चोवीस तास पूर्ण वेगाचा ताप सोसला, तीच रचना आज वीस मैलांत थांबत असेल, तर दोष मूळ आराखड्याचा नसून साठ वर्षे वापरात असलेल्या एखाद्या सुट्या भागाचा आहे, हे गृहीत धरून शोध सुरू करावा.

रस्त्याच्या कडेला करायची तपासणी

गाडी बंद पडताच सर्वांत आधी पेट्रोलच्या टाकीचे झाकण उघडावे. झाकणातील हवेचे छिद्र बुजले असेल तर टाकीत निर्वात पोकळी तयार होते, पेट्रोल उतरणे हळूहळू थांबते, आणि लक्षणे हुबेहूब वर सांगितल्यासारखी दिसतात. झाकण उघडताना हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि लगेच पुढच्या किकला गाडी सुरू झाली, तर मॅग्नेटोला, म्हणजे ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या यंत्राला, हात लावण्याचे कारण उरत नाही. सुस्कारा आला नाही, तर अमल मोनोब्लॉक कार्बोरेटरचे टिकलर बटण क्षणभर दाबावे. पेट्रोल लगेच ओघळले तर फ्लोटच्या कप्प्यात पेट्रोल आहे, हे सिद्ध झाले. गरम इंजिनात याहून जास्त पेट्रोल भरू नये, कारण ओला झालेला प्लग पुढच्या तपासणीत दिशाभूल करतो.

इथे पेट्रोलच्या वाफेविषयी थोडे सांगायला हवे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते, आणि भारतात आता २० टक्के इथेनॉलचे पेट्रोल सर्वत्र आले आहे. असे पेट्रोल गरम कार्बोरेटरमध्ये लवकर वाफ धरते हे खरे आहे, आणि त्यामुळे गरम गाडीच्या प्रत्येक आजाराचे खापर इथेनॉलवर फोडण्याची सवय दोन्ही देशांत पडली आहे. परंतु वाफेचा अडथळा ओळखणे सोपे आहे. कार्बोरेटरभोवती ओला फडका गुंडाळला की तो दोन-चार मिनिटांत निवतो आणि इंजिन सुरू होते. मॅग्नेटोचे आर्मेचर, म्हणजे तारा गुंडाळलेला फिरता गाभा, मात्र जाड धातूच्या कवचात बंद असते. ते निवायला अर्धा तास लागतोच. पुन्हा सुरू होण्यास लागणारा हा वेळ घड्याळावर नोंदवून ठेवावा, कारण कोणत्याही मीटरइतकी ती नोंद उपयोगी पडते.

पेट्रोल येत आहे हे ठरल्यावर मॅग्नेटोच्या टोकाच्या झाकणावर जोडलेली, इंजिन बंद करण्याच्या बटणाकडे जाणारी बारीक वायर काढून टाकावी. ही वायर हँडलपर्यंत फ्रेमला घासत जाते. तिचे आवरण उष्णतेने मऊ पडून आतली तार फ्रेमला टेकली, की मॅग्नेटो निर्दोष असूनही ठिणगी मिळत नाही. वायर काढल्यावर गाडी सुरू झाली तर आपला दोष काही रुपयांच्या वायरमध्ये होता, आणि मॅग्नेटो खोलण्याचा मोठा खर्च वाचला. अशा वेळी इंजिन बंद करण्यासाठी व्हॉल्व्ह लिफ्टर, म्हणजे एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उचलून धरणारा लिव्हर, हाताशी असतोच. लिफ्टरच्या केबलला किंचित ढिलाई आहे ना, हेही याच वेळी पाहून घ्यावे. ताणलेली केबल एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बसू देत नाही आणि कॉम्प्रेशन नसलेले इंजिन कितीही चांगल्या ठिणगीने सुरू होत नाही.

आता ठिणगी. यासाठी हत्यारांच्या पेटीत एक जुना प्लग कायम ठेवावा, ज्याची बाहेरची वाकडी पट्टी कापून टाकलेली आहे आणि त्यामुळे ठिणगीला सुमारे ५ मिलिमीटर अंतर ओलांडावे लागते. साध्या प्लगला मॅग्नेटोसाठी अर्ध्या मिलिमीटरच्या आतबाहेरचे अंतर असते, आणि मोकळ्या हवेत एवढे अंतर जवळजवळ मेलेला मॅग्नेटोसुद्धा ओलांडतो. सिलिंडरमध्ये दाबलेल्या हवेतून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त दाबाची वीज लागते. म्हणून साध्या प्लगवर “करंट येतो आहे” असे म्हणणाऱ्या मेकॅनिकची तपासणी चुकीची नसते, अपुरी असते. इंजिनचा प्लग काढावा, त्याच्या भोकात कापडाचा बोळा बसवावा, चाचणीचा प्लग भोकापासून दूर सिलिंडर हेडच्या फिनवर (थंडाव्यासाठी असलेल्या पातळ धातूच्या कडेवर) घट्ट टेकवावा आणि किक मारावी. भोकातून पेट्रोलमिश्रित हवा बाहेर येते, त्यामुळे हे अंतर राखण्यात हयगय करू नये. प्लगची वायर मोकळी सोडून किक मारणेही टाळावे, कारण वाट न मिळालेली वीज वाइंडिंगच्या (आर्मेचरवरील तारेच्या वेढ्यांच्या) आतल्या आवरणातून वाट काढते आणि मग खरोखरच नवा दोष निर्माण होतो.

निळी, जाड आणि “टक” असा आवाज करणारी ठिणगी पडली, तर मॅग्नेटो निर्दोष समजावा. बारीक, नारिंगी, कधी पडणारी आणि कधी न पडणारी ठिणगी दिसली, आणि अर्ध्या तासाने त्याच प्लगवर निळी ठिणगी दिसली, तर शोध संपला. हीच चाचणी एकदा घरून निघण्यापूर्वी थंड गाडीवर करून पाहिलेली असावी, म्हणजे आपल्या मॅग्नेटोची निरोगी ठिणगी कशी दिसते हे डोळ्यांना माहीत असते.

माझी व्हेनम इंग्लंडमधील श्रॉपशरच्या लाँग मिंड टेकडीच्या चढावर, चर्च स्ट्रेटन गाव खाली दिसत असताना, अशीच थांबत असे. आधीच्या मालकाने जपून ठेवलेल्या पावत्यांमध्ये कार्बोरेटरच्या सुट्या भागांच्या पावत्या सर्वांत जास्त होत्या, म्हणजे त्यानेही हाच दोष अनेक वर्षे भोगला असावा. चढावर उतरून चाचणीचा प्लग लावला तेव्हा दिवसाउजेडी ठिणगी दिसेनाच. जॅकेटची सावली धरल्यावर प्लगच्या टोकाशी विटकरी रंगाचा एक धागा थरथरताना दिसला. कॉकपासून जेटपर्यंत पेट्रोल व्यवस्थित होते.

उष्णतेने नेमके काय बिघडते

व्हेनमवर बहुतेक करून लुकासचा के-वन-एफ हा मॅग्नेटो असतो. तो सिलिंडरच्या मागे बसतो, टायमिंगच्या गिअरवर इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, आणि बॅटरीची मदत न घेता स्वतःच वीज निर्माण करतो. चुंबकाच्या क्षेत्रात फिरणाऱ्या आर्मेचरवर जाड तारेचे थोडे वेढे आणि त्यावर अतिशय बारीक तारेचे हजारो वेढे असतात. पॉइंट, म्हणजे उघडझाप करणारे दोन धातूचे संपर्क, मिटलेले असताना जाड तारेतून वीज वाहते, पॉइंट उघडताच ती अचानक तुटते, आणि तुटण्याच्या त्या क्षणी बारीक तारेत हजारो व्होल्टचा दाब निर्माण होतो. तुटणे जितके आकस्मिक, तितकी ठिणगी जोरदार. पॉइंटच्या फटीतून वीज वाहत राहू नये म्हणून त्यांना समांतर एक कंडेन्सर जोडलेला असतो, आणि हा कंडेन्सर आर्मेचरच्याच पोटात, कुणालाही सहज न दिसणाऱ्या जागी बसवलेला असतो.

जुन्या कंडेन्सरमध्ये धातूच्या पातळ वर्खांमध्ये मेणात भिजवलेला कागद असतो. अनेक दशकांत तो कागद दमट होतो. थंड असताना त्यातून होणारी गळती नगण्य असते; गरम झाल्यावर ती इतकी वाढते की पॉइंट उघडले तरी वीज तुटल्यासारखी तुटत नाही. निवल्यावर गळती पुन्हा कमी होते आणि गाडी सुरू होते. किकच्या वेळी आर्मेचर अगदी सावकाश फिरते आणि मुळातच वीज कमी निर्माण होते, त्यामुळे धावताना कशीबशी तग धरणारी गाडी थांबल्यावर मात्र सुरू होत नाही, याचेही उत्तर इथेच मिळते.

दुसरी शक्यता वाइंडिंगची. जुन्या वाइंडिंगवर लाखेच्या वार्निशचे लेपन असे. उष्णतेने ते मऊ होते, काही वेळा ओघळून आर्मेचरच्या कडेला चिकट डिंकासारखे साचते, आणि आतल्या बारीक तारेचे वेढे एकमेकांना टेकतात. व्हेनमच्या बाबतीत माझा अनुभव आणि इतरांकडून ऐकलेले अनुभव पाहता पहिला संशय नेहमी कंडेन्सरवरच घ्यावा. वाइंडिंगचा क्रमांक त्यानंतर लागतो.

खोलण्याआधीच्या दोन गोष्टी

मॅग्नेटो गाडीवर असतानाच त्याची उच्च दाबाची बाजू साफ करून पाहावी. प्लगची वायर मॅग्नेटोच्या ज्या बेकेलाइटच्या तुकड्यात शिरते तो काढावा, त्यातला कार्बन ब्रश स्प्रिंगवर मोकळेपणाने खालीवर होतो का ते पाहावे, आणि उघड्या भोकातून पेन्सिलीच्या टोकाला पेट्रोलमध्ये भिजवलेले स्वच्छ कापड लावून, इंजिन हाताने फिरवत, स्लिप रिंग (आर्मेचरवरची, कार्बन ब्रशला वीज देणारी कडी) पुसून काढावी. कापड काळे निघते ती कार्बनची भुकटी असते. पुसल्यावर रिंगवर झाडाच्या फांदीसारखी केसाएवढी रेघ उरली, तर ती जळलेली वाट आहे. तिच्यातून वीज मॅग्नेटोच्या अंगावर उतरते आणि अशी रिंग बदलण्याला पर्याय नाही.

दुसरी गोष्ट अंधारात करायची आहे. गाडी वीस मैल फिरवून आणावी, गॅरेजचे दार लावण्याऐवजी रात्रीची वेळ निवडावी म्हणजे धूर कोंडणार नाही, पॉइंटवरचे झाकण काढावे आणि इंजिन मंद चालू ठेवून पॉइंटकडे पाहावे. निरोगी मॅग्नेटोत पॉइंटच्या मध्ये निळसर, टाचणीच्या टोकाएवढी ठिणगी दिसते किंवा दिसतही नाही. कंडेन्सर गेलेला असेल तर पांढरट पिवळा, पॉइंटच्या कडेबाहेर पसरणारा जाळ दिसतो. माझ्या गाडीत तो जाळ इतका स्पष्ट होता की त्या उजेडात कॅम रिंगवरचे ओरखडे मोजता आले असते. इंजिन बंद करून पॉइंटचे पृष्ठभाग पाहिले तर एका पॉइंटवर खड्डा आणि समोरच्या पॉइंटवर टोकदार उंचवटा तयार झालेला आढळतो. असे पॉइंट बारीक दगडाने सपाट करून, पूर्ण उघडलेल्या स्थितीत फट ०.०१२ इंचांवर, म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटरवर आणावी, आणि मधला बोल्ट घट्ट आहे याची खात्री करावी. हा बोल्ट पॉइंटचा संच आर्मेचरला धरून ठेवतो आणि वाइंडिंगमधली वीज पॉइंटपर्यंत नेण्याचे कामही तोच करतो. पॉइंट सपाट केल्याने गाडी थोडे दिवस सुधारते. कंडेन्सर तसाच राहिला तर खड्डा पुन्हा पडतो.

आर्मेचर बाहेर काढताना

हे काम ज्याने पूर्वी पाहिलेले नाही त्याने ते स्वतः करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन, कारण आर्मेचर आणि स्लिप रिंग यांना झालेली इजा पैशांनी भरून निघाली तरी वेळ फार खाते. ज्यांना करायचेच आहे त्यांनी एक गोष्ट कधीही विसरू नये : आर्मेचर ओढण्यापूर्वी कवचातील अर्थचा ब्रश आणि स्लिप रिंगकडे टोक करून बसवलेला संरक्षक स्क्रू हे दोन्ही बाहेर काढायचे असतात. हा स्क्रू नावाची पट्टी किंवा रंगाचा थर यांखाली दडलेला असू शकतो. तो आत राहिला आणि आर्मेचर ओढले, तर स्लिप रिंगची कड फुटतेच.

बाहेर काढलेल्या आर्मेचरवर मीटर लावताना आकड्यांचा अर्थ नीट समजून घ्यावा. बारीक तारेच्या वाइंडिंगचा रोध साधारण ५ ते ६ हजार ओहम मिळतो. हेअर ड्रायरने आर्मेचर तापवून पुन्हा मोजले तर आकडा वाढलेला दिसतो आणि अनेक जण इथेच वाइंडिंगला दोषी ठरवतात. तांब्याचा रोध दर अंश सेल्सिअसला सुमारे ०.४ टक्क्यांनी वाढतो. ५० अंशांनी तापलेल्या निरोगी वाइंडिंगचा आकडा पाचव्या हिश्शाने वाढणे हा तांब्याचा स्वभाव आहे. आकडा उड्या मारू लागला किंवा मार्गच तुटल्याचे दिसले, तर तो दोष.

कंडेन्सरच्या बाबतीत खिशातला मीटर आणखी फसवा आहे. जोडणीतून सोडवून मोजल्यास ०.१५ ते ०.२ मायक्रोफॅरॅडच्या दरम्यान आकडा आला, म्हणजे कंडेन्सर चांगला, असे समजले जाते. मीटर मोजताना काही व्होल्टच वापरतो, तर प्रत्यक्ष कामात कंडेन्सरवर काहीशे व्होल्टचा दाब येतो. त्यामुळे गळती पाहायची ती इलेक्ट्रिशियन वापरतात त्या मेगरवर, २५० व्होल्टच्या स्थितीत, आणि तीही तापवून पाहायची.

दुरुस्तीचे मार्ग

दोष कंडेन्सरपुरताच निघाला, तर आजकाल पॉइंटच्या संचामागे बसणारे चपटे, आधुनिक सिरॅमिक कंडेन्सर मिळतात आणि ते उष्णतेला चांगले टिकतात. एक अट मात्र पाळावी लागते : जुना कंडेन्सर जोडणीतून तोडल्याशिवाय नव्याचा उपयोग नाही, कारण जुन्याची गळती समांतर चालूच राहते. बाहेरून मोटारीचा कंडेन्सर आणून कोंबण्याचा प्रकार मी पाहिला आहे. त्याची क्षमता आणि उष्णता सोसण्याची मर्यादा दोन्ही जुळत नाहीत.

वाइंडिंग मूळचेच असेल, तर मी कंडेन्सरसोबत तेही नव्याने भरून घ्यावे असे म्हणेन. कारण आर्मेचर एकदा बाहेर आले आहे, टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची नेमकी वेळ, पुन्हा बसवावेच लागणार आहे, आणि जुने लाखेचे वाइंडिंग आणखी किती वर्षे साथ देईल याचा भरवसा नाही. वाइंडिंग करणाऱ्याला दोन प्रश्न विचारावेत : लेपन इपॉक्सी रेझिनचे आहे का, आणि भरून झाल्यावर मॅग्नेटो गरम अवस्थेत, किकच्या सावकाश वेगाने फिरवून पाहिला जातो का. दुसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर मिळाले नाही तर काम दुसरीकडे द्यावे. मॅग्नेटो जुळवल्यावर त्याचे चुंबकत्व पुन्हा भरून घेणेही आवश्यक आहे, कारण आर्मेचर बाहेर काढताना चुंबकत्व काही अंशी कमी होते.

मॅग्नेटो काढून टाकून बॅटरीवर चालणारी कॉइल बसवण्याचा सल्ला मला पटत नाही. व्हेनमचा पट्ट्यावर चालणारा ६ व्होल्टचा डायनॅमो दिव्यांनाच बेताचा पुरतो. त्यावर कॉइलचा भार टाकला की बॅटरी बसल्यावर गाडीही बसते, आणि बॅटरीवाचून घरी पोहोचवणारी गाडी हे तिचे मोठे गुणवैशिष्ट्य आपण हातचे घालवतो. शिवाय ब्रिटनमध्ये ४० वर्षांहून जुन्या, मूलभूत बदल न केलेल्या गाडीला वार्षिक एमओटी तपासणीतून सूट आहे. ही सूट मिळाल्यावर गाडी सुस्थितीत आणि मूळ रूपात ठेवण्याची जबाबदारी मालकावर अधिक येते.

पुणे, कोल्हापूर अशा शहरांत आजही जपल्या जाणाऱ्या जुन्या बीएसए, नॉर्टन, मॅचलेस गाड्यांवरही याच कुळातले मॅग्नेटो किंवा मॅगडायनो (मॅग्नेटो आणि डायनॅमो यांची जोडणी) आहेत, आणि एप्रिल-मेच्या उन्हात हाच दोष पहिल्या पाच-दहा मैलांतच दिसू लागतो. रोग एकच आहे. तपासणीचा क्रमही तोच ठेवावा. तिथे वाइंडिंग करणारे कुशल कारागीर पंप आणि मोटारींच्या कामात सापडतात, पण केसासारखी बारीक तार आणि आर्मेचरच्या पोटातली अपुरी जागा यांची सवय असलेला कारागीरच निवडावा.

मॅग्नेटो परत बसवताना टायमिंग मालकाच्या पुस्तिकेतील आकड्यावर, पॉइंट नुकते सुटू लागण्याच्या क्षणी बसवावे; पॉइंटमध्ये धरलेला पातळ कागद हलक्या हाताने ओढल्यावर सुटला की तो क्षण मिळतो. स्वयंचलित ॲडव्हान्स (वेगानुसार ठिणगी आधी पाडणारी यंत्रणा) असलेल्या गाडीत तो पूर्ण ॲडव्हान्स स्थितीत पाचर लावून धरावा आणि नट आवळल्यावर पाचर आठवणीने काढावी. प्लगची वायर तांब्याच्या तारेचीच घ्यावी, कार्बनच्या दोऱ्याची नको. पहिली फेरी घराजवळच्या रस्त्यांवर, पण चांगली तासभराची काढावी, परत आल्यावर इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबावे म्हणजे सिलिंडरची उष्णता मॅग्नेटोत पूर्ण उतरते, आणि त्या अवस्थेत चाचणीचा प्लग लावून किक मारावी. ५ मिलिमीटर अंतरावर निळी ठिणगी पडली तर पॉइंटचे झाकण बंद करून गाडी लांबच्या रस्त्याला काढायला हरकत नाही. ती पडली नाही तर गाडी न हलवता मॅग्नेटो त्याच कारागिराकडे परत न्यावा आणि तो गरम करून तुमच्यासमोर फिरवून दाखवण्यास सांगावे.